माफीचा गोल

एलिसेओ बार्दाखी गोल केल्यावर नाचत नसे. नाचणं सोडा, साधं हसतही नसे. चेंडू जाळ्यात गेला की तो जागच्या जागी थांबायचा, दोन्ही तळहात खांद्यापर्यंत वर करायचा आणि मान खाली घालायचा. शेजाऱ्याची काच फोडलेलं पोर उभं राहतं ना, तसा.

आमच्याकडे ही रीत आहे. ज्या क्लबचं मीठ खाल्लं त्याच्यावर गोल करायची वेळ आली तर करावा, तो धंदाच आहे. पण वर उड्या मारू नयेत. मोठ्या क्लबांतले मोठे खेळाडू असं वर्षाकाठी एखाद्या वेळी करतात. मग कॅमेरे जवळ येतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांच्या सभ्यपणाचं कौतुक छापून येतं. एलिसेओची पंचाईत वेगळी होती. त्याची अख्खी कारकीर्द तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमध्ये गेली होती आणि बहुतेक ठिकाणी तो एका हंगामापुरता टिकला होता. जूनमध्ये करार संपायचा, जुलैमध्ये कुठून तरी फोन यायचा, ऑगस्टमध्ये गाडीच्या टपावर गाद्या बांधायच्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. असं करता करता पाळी अशी आली की समोर उभा राहणारा जवळजवळ प्रत्येक क्लब कधी ना कधी त्याचा होता. म्हणून प्रत्येक गोलानंतर माफी. छत्तिसाव्या वर्षी या माणसाला आपल्याच गोलाचा आनंद करायला जागा उरली नव्हती.

आता तो खेळत होता त्या मोंतालारच्या संघातली पोरं त्याला ‘विधुर’ म्हणायची. डाव्या बाजूने पळणारा पेलायो तर सामन्याआधी बूट बांधता बांधता विचारायचा, “काय विधुरराव, आज कोणाच्या मयताला आलोय आपण?”

“हस, हस,” एलिसेओ म्हणायचा. “तुला अजून एकाच गावाने हाकललंय. जरा वय होऊ दे.”

मोंतालार म्हणजे डोंगरावरचं वाऱ्याचं गाव. इथे डुकराच्या मांड्या मीठ लावून टांगतात आणि वारा त्या वाळवतो. गावाचं पोट त्या हॅमवर चालतं. सर्वांत मोठी वाळवणघरं दोन एवारिस्तोची (हा ‘दोन’ आकडा नव्हे, बड्या माणसाच्या नावाआधी मानाने लावतात, ‘राव’सारखा), आणि फुटबॉल क्लबचा अध्यक्षही तोच. एलिसेओ इथे आला तेव्हा त्याच्या बायकोला, एस्तेरला वाटलं होतं, काढू एक हिवाळा. पण एकाचे दोन झाले. मुलीला, कांदेलाला, शाळेत एक मैत्रीण मिळाली आणि ती सुटीनंतरही मैत्रीणच राहिली. एस्तेरने चौकामागे बायकांचे केस कापायचं छोटं दुकान उघडलं. लग्न झाल्यापासून ती दुसऱ्यांच्या दुकानांत कात्री चालवत आली होती. या दुकानाच्या पाटीवर तिचं नाव होतं. ज्या संध्याकाळी पाटी लागली, त्या संध्याकाळी ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाटीकडे बघत उभी राहिली होती. एलिसेओने ते पाहिलं होतं, आणि तेव्हा त्यालाही बरं वाटलं होतं.

मार्चमध्ये सरावानंतर दोन एवारिस्तो मैदानाच्या कडेला आला. त्याने एलिसेओच्या खांद्यावर हात टाकला.

“वर चढव आम्हाला, एलिसेओ. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये नेऊन बसव. पुढचं वर्ष तुझं, आणि तू खेळणं सोडलंस की पोरांची फुटबॉल शाळा तुझ्या हातात. या गावात म्हातारा हो. माझा शब्द.”

एलिसेओ घरी येऊन हे सांगताना दोनदा अडखळला.  एस्तेरने बटाट्याचं ऑम्लेट उलटवलं, ताटलीत काढलं आणि त्याच्यासमोर ठेवून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. एवढंच. पण त्या रात्रीपासून घरात ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द मोकळेपणाने बोलला जाऊ लागला, जो आधी कोणी उच्चारत नसे.

जूनमध्ये मोंतालार बढतीच्या शेवटच्या फेरीत पोहोचलं. आता एकाच संघाशी दोन सामने, एक आपल्याकडे, एक त्यांच्याकडे. जिंकेल तो वर. प्रतिस्पर्धी कोण, हे सोडतीत ठरणार होतं. सगळा संघ बारमध्ये टीव्हीसमोर बसला. पडद्यावरच्या माणसाने काचेच्या भांड्यातून चिठ्ठी काढली आणि वाचली: फुएंतेरेय.

पेलायोने टेबलावर हात आपटला. “झालं! विधुराची पहिली बायको!”

सगळे हसले. एलिसेओ हसला नाही. फुएंतेरेय इतर गावांसारखं नव्हतं. तिथे तो सलग चार वर्षं राहिला होता. त्याचा संसार तिथे सुरू झाला, कांदेला तिथे जन्मली. नंतरच्या गावांत, भाड्याच्या ओल्या खोल्यांत, हरल्यानंतरच्या लांबलचक बसप्रवासांत तो मनातल्या मनात फुएंतेरेयला जाऊन यायचा. ज्याच्याकडे काही नसतं त्याला आठवण काढायला तरी एक जागा लागते. माणूस ती जागा रोज थोडी थोडी सारवत राहतो आणि मग ती खरी होती त्यापेक्षा बरीच चकचकीत होऊन बसते.

त्या संध्याकाळी एस्तेरने विषय काढला.

“तिकडच्या सामन्यात तू गोल केलास तर?”

“तर काय? गोल झाला.”

“वेड पांघरू नकोस. हात वर करणार?”

“चार वर्षं काढली आपण तिथे, एस्तेर. अख्खं स्टेडियम माझ्या नावाने गायचं.”

“स्टेडियम! चारशे टाळकी, त्यातली निम्मी सूर्यफुलाच्या बिया खायला यायची. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कोणाचा फोन आला होता तिकडून?”

“थेनोनचा आला होता.” थेनोन म्हणजे फुएंतेरेयचा कपडेवाला, खेळाडूंचे शर्ट-मोजे धुणारा-सांभाळणारा माणूस.

“तो टॉवेलसाठी आला होता. तू त्यांचे दोन टॉवेल घेऊन आलेलास.”

ते टॉवेल अजून घरात होते.

एस्तेर त्याच्यासमोर बसली. “ऐक. माझ्या दुकानात बायका येतात. डोकं माझ्या हातात असतं म्हणून गोड बोलतात, पण बोलतात. ‘तुमचा नवरा गोल आमच्यासाठी करतो की त्यांच्यासाठी, कळत नाही बाई.’ मे महिन्यात दोनदा ऐकलं मी. लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबतात, एलिसेओ. मी आणि कांदेला बसने येणार आहोत, कोपऱ्यातल्या कुंपणापाशी असू. गोल झाला तर आमच्याकडे धावत ये. मला एवढं वचन दे.”

“बघू.”

“बघू नाही.”

“अगं, आधी गोल तर होऊ दे.”

आमच्याकडच्या पुरुषांनी ‘बघू’ म्हटलं की बायकांनी समजून जायचं असतं. एस्तेर समजली, पण तिने समजल्याचं दाखवलं नाही. आशा वाईट असते.

मोंतालारमधला पहिला सामना गोलशून्य सुटला. दुसऱ्याच्या आधी शुक्रवारी दोन एवारिस्तो सरावाला आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “एलिसेओ, परवा ते हातवारे नकोत हं. ज्याचं खावं मीठ, त्याचं करावं नीट.”

“मीठ त्यांचंही खाल्लंय, दोन एवारिस्तो.”

“त्यांचं पचलं की कधीच!”

पोरं खो खो हसली. मिस्टरही हसले, आमच्याकडे प्रशिक्षकाला सगळे ‘मिस्टर’च म्हणतात. एलिसेओला मात्र राग आला. सतरा-अठरा वर्षांच्या धावपळीत त्याने ना पैसा जमवला, ना नाव कमावलं. होता तो एवढाच एक गुण, की या माणसाने कोणत्याही गावाशी कृतघ्नपणा केला नाही. तो गुणही आता सोडून द्यायचा? त्याचं मन तिथेच अडून बसलं, आणि अडलेलं मन लवकर सुटत नाही.

रविवारी फुएंतेरेयच्या फाटकावर नवा पहारेकरी होता. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला तो नाव विचारून आत सोडत होता.

“बार्दाखी,” एलिसेओ म्हणाला, आणि थोडा थांबला.

“हे नाव की आडनाव?”

“आडनाव.”

“जा आत. पुढचा?”

नवा माणूस आहे, एलिसेओने स्वतःला सांगितलं. मैदानही नवं होतं, प्लास्टिकच्या गवताचं. बारचा मालक बदलला होता. पण मुख्य स्टँड तोच, त्याचा रंग उडालेला कठडा तोच, आणि पाठीमागची चर्चची घंटा तशीच मिनिटभर मागे. तो त्या कठड्यावरून हात फिरवत राहिला. बढतीचा सामना खेळायला आलेल्या माणसाने समोरच्यांचा कठडा कुरवाळायला नको होता.

खेळ वाईट झाला. उन्हाने प्लास्टिक तापलं होतं, तळपाय भाजत होते, आणि दोन्ही संघ जिंकण्यापेक्षा न हरण्यासाठी धडपडत होते. स्टँडमधून बियांची टरफलं थुंकल्याचा आवाज मैदानापर्यंत येत होता. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा मोंतालारला कॉर्नर मिळाला. पेलायोने तो मारला. एलिसेओ दोन बचावपटूंच्या मध्ये उडाला. चेंडू त्याच्या कपाळाला लागला की कानशिलाला, हे त्यालाही कळलं नाही. पण खांबाला चाटून आत गेला.

त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा गोल. या गोलाने गाव वर जाणार होतं, दुकानाची पाटी जागेवर राहणार होती, कांदेलाची शाळा सुटणार नव्हती. आणि उडीनंतर एलिसेओ पडला तिथून कोपरा जवळच होता. कुंपणाला मोंतालारची माणसं मधमाश्यांसारखी लोंबकळत होती. एस्तेर पहिल्याच रांगेत होती. कांदेला कुंपणावर चढून दोन्ही हात पुढे करून ओरडत होती, “पपा! पपा! इकडे!”

त्याने तिला पाहिलं. हे महत्त्वाचं आहे. नंतर तो ‘गोंधळात दिसलंच नाही’ म्हणाला, पण त्याने पाहिलं होतं. एक पाऊल तिकडे पडलंही. मग त्याची मान मुख्य स्टँडकडे वळली, चेंडू पायाशी आल्यावर वळायची तशीच, विचार न करता. तो थांबला, त्याने दोन्ही तळहात वर केले आणि मान खाली घातली.

पेलायो मागून धावत येऊन त्याच्या पाठीवर चढला. “नको, नको,” म्हणत एलिसेओने अंग झटकलं, आणि ज्याने तो कॉर्नर मारला होता तो पेलायो दाणकन प्लास्टिकवर बसला.

 स्टँडच्या वरच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला.

“अरे, माफी कसली मागतोस? आधी आहेस कोण ते सांग!”

आसपासचे हसले. दुसरा म्हणाला, “गप्प बसा म्हणतोय आपल्याला, हरामखोर!” आणि ते सगळ्यांना पटलं. शिट्ट्या सुरू झाल्या. टरफलांची पुडी आली, अर्धी भरलेली बाटली आली. एलिसेओला वाटलं, दूरवरून ओळखलं नसेल. म्हणून तो चार पावलं आणखी पुढे गेला आणि हात आणखी उंच केले. आता तर सगळं स्टँड उभं राहिलं. रेफरी धावत आला आणि प्रेक्षकांना चिथावल्याबद्दल त्याने एलिसेओला पिवळं कार्ड दाखवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

“मी इथला आहे,” एलिसेओ रेफरीला म्हणाला.

“तू पाहुण्यांच्या शर्टात आहेस,” रेफरी म्हणाला. “मागे हो.”

शिट्टी झाली आणि मोंतालार वर चढलं. सगळी पोरं कोपऱ्याकडे धावली, कुंपण ओलांडून लोक आत आले, मिस्टरांना हवेत उडवलं, दोन एवारिस्तो गुडघ्यांवर बसून रडला. फोटो निघाले. त्या एकाही फोटोत एलिसेओ नाही. तो उलट दिशेला, यजमानांच्या खोलीच्या दाराशी गेला होता.

थेनोन तिथे ओले शर्ट गोळा करून टोपलीत टाकत होता. म्हातारा झाला होता, पाठीतून वाकला होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, “बार्दाखी.”

एलिसेओच्या डोळ्यांत पाणी आलं. “तू ओळखलंस, थेनोन!”

“ओळखलं की. मघाशी त्या पोरांना सांगितलंही, हा आपल्याकडे होता म्हणून. त्यांना वाटलं म्हातारा काहीतरी बरळतोय.”

“मला वाईट वाटतंय रे. बाकी कुठल्याही गावावर गोल केला असता…”

“मग त्यात काय? तुझं कामच ते.” थेनोनने एक मोजा उलटा केला. “पण ते हात कशाला वर केलेस?”

“आदर म्हणून. हे माझं घर होतं.”

थेनोनने टोपली खाली ठेवली. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “अरे बाबा, किती पोरं आली नि गेली इथून. सगळ्यांचे मोजे धुतलेत मी. चांगली पोरं असता तुम्ही. आणि जाताना प्रत्येक जण माझ्या गळ्यात पडून म्हणतो, थेनोन, हे माझं घर. मी हो म्हणतो. नाही कसं म्हणायचं? पण पुढच्या हंगामात तुमच्या खुंटीवर दुसऱ्याचा शर्ट असतो, आणि लोक त्याच्या नावाने गातात. गाणं तेच असतं, नाव बदलतं.” त्याने दाराबाहेर बघितलं. “आज आम्ही हरलो, आम्हाला रडू द्यायचं होतंस. तुमच्या लोकांत जाऊन नाचला असतास तर चार शिव्या घालून मोकळे झालो असतो. आता वर्षभर बारमध्ये म्हणतील, त्या परक्या माणसाने आमची टर उडवली.”

 मग थेनोनने आठवून विचारलं, “मुलगी असेल ना तुझी? बरी आहे?”

“बरी आहे,” एलिसेओ म्हणाला. आणि मग त्याला कुंपण आठवलं. तो पळत बाहेर गेला, पण कोपरा रिकामा झाला होता. माणसं बसमध्ये बसून गाणी म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मोंतालारमध्ये रीतीप्रमाणे सगळं झालं. संघाने चर्चमध्ये जाऊन देवमातेला फुलं वाहिली आणि मग सगळे नगरपालिकेच्या सज्जात उभे राहिले. खाली चौक माणसांनी गच्च भरलेला. दोन एवारिस्तो ध्वनिक्षेपकावर एकेकाचं नाव पुकारत होता आणि लोक ओरडत होते. पेलायोच्या नावाला तर खिडक्या हादरल्या. सर्वांत शेवटी दोन एवारिस्तो म्हणाला, “आणि गोल करणारे… बार्दाखी!”

टाळ्या पडल्या, नाही असं नाही. पण त्या विरायच्या आत कोणीतरी खालून ओरडलं, “हात वर करा रे! बार्दाखीला हात वर करा!” आणि बघता बघता अख्ख्या चौकाने दोन्ही तळहात खांद्यापर्यंत वर करून माना खाली घातल्या. मग हशा उसळला. सज्जातली पोरंही पोट धरून हसली. एलिसेओही हसला, सज्जात उभं राहून माणूस दुसरं काय करणार?

हसता हसता तो खाली बघत होता. एस्तेर दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून उभी होती. कांदेला शाळेच्या मुलींमध्ये होती, आणि तिचेही हात वर होते. तिला वाटलं होतं, आपल्या बापाचं कौतुक चाललंय. मैत्रिणीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं, तेव्हा तिने हात हळूच खाली घेतले.

आठवड्याभराने दोन एवारिस्तोने त्याला वाळवणघरात बोलावलं. छताला हॅमच्या रांगा टांगलेल्या होत्या आणि दोन एवारिस्तो त्यांच्या खालून चालत, एकेक दाबून बघत बोलत होता. त्यामुळे त्याला एलिसेओकडे बघावं लागत नव्हतं.

“गोल तुझाच, कोण नाही म्हणतंय? पण आता वरची डिव्हिजन. तरणी पोरं लागणार. मिस्टरचंही तेच म्हणणं पडलं.”

“तुम्ही शब्द दिला होतात.”

“दिला होता. नाही कशाला म्हणू?” त्याने एक हॅम दाबली. “तेव्हा लोक तुझ्या बाजूने होते. आता मी तुला ठेवलं तर मला विचारतील, या माणसाचं मन कुठे आहे?”

“आणि पोरांची शाळा?”

“पोरांना काय शिकवशील, एलिसेओ? आपला गोल करून दुसऱ्याची माफी मागायला?” मग त्याला स्वतःलाच जरा जास्त झाल्यासारखं वाटलं असावं. त्याने रांगेतली एक चांगली, दोन हिवाळे खाल्लेली हॅम काढली आणि एलिसेओच्या हातात दिली. “बायकोला दे. भली बाई आहे.”

गरज सरो, वैद्य मरो. फक्त आमच्याकडे वैद्याला जाताना हॅम देतात. एलिसेओ ती लहान मुलासारखी कवेत घेऊन चौकातून घरी आला, आणि वाटेत भेटलेल्या दोघांनी विचारलं, “अरे वा, कशाबद्दल?”

जुलैमध्ये फोन आला. दक्षिणेच्या टोकाला, समुद्रापाशी, चौथ्या डिव्हिजनचा एक क्लब. एका हंगामाचा करार. एलिसेओ दुकानात गेला तेव्हा शेवटचं गिऱ्हाईक नुकतंच गेलं होतं आणि एस्तेर जमिनीवरचे केस झाडत होती. त्याने सगळं सांगितलं. ती झाडत राहिली.

“कधी निघतोस?” तिने विचारलं.

“निघतोस म्हणजे?”

“म्हणजे तू. मी आणि कांदेला इथेच आहोत.”

तो खुर्चीत बसला, आरशासमोर. “एस्तेर, मी काय कोणाचा खून केला? साधी सभ्यता पाळली. ज्या लोकांनी…”

“पाळलीस ना. ठाऊक आहे मला. आपण राहिलो त्या प्रत्येक गावाची तू माफी मागितलीस. दोन महिने राहिलेल्या गावाचीसुद्धा. ज्यांनी तुला हाकललं त्यांची, ज्यांनी पगार बुडवले त्यांची, ज्यांना तुझं नाव माहीत नाही त्यांची.” तिने केसांचा ढीग सुपलीत भरला. “मी दर वर्षी उठले. दर वर्षी नवीन शाळेत पोरीला नेऊन ‘ही जरा बुजरी आहे’ म्हणून सांगितलं. दोन गावांत चांगल्या नोकऱ्या सोडल्या. तुझी गावं मोजायला बसलास तर माझीही तेवढीच भरतात. माझ्यासमोर कधी थांबलास? एकदा तरी?”

एलिसेओने तोंड उघडलं. आरशात त्याला त्याचाच चेहरा दिसत होता आणि पाठीमागे सुपली धरून उभी असलेली ती. दोन शब्द म्हणायचे होते. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल गेली, तिचा आवाज संपेपर्यंत तो थांबला, आणि संपल्यावर म्हणाला, “क्लब तिकडे घर देतोय. दोन खोल्यांचं. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे.”

 एस्तेरने सुपली कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली.

“मग बरं झालं,” ती म्हणाली. “तुझी झोपायची सोय झाली.”